डाव्या हाताचा बँजो

गिटार उलटी धरता येते. तारा काढून उलट्या क्रमाने चढवल्या, खाचांची पट्टी बदलली, की उजव्या हाताची गिटार डावखुऱ्याच्या मांडीवर बऱ्यापैकी नीट बसते. जिमी हेंड्रिक्सने ते जगाला दाखवलं. पाच तारांच्या बँजोत ही सोय नाही. त्याची पाचवी तार इतर चारींपेक्षा आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून पाचव्या पडद्यापाशी, दांडीच्या एका बाजूने बाहेर आलेली असते. दांडी तिथून रुंद होते तीही त्याच एका बाजूला. असा बँजो उलटा धरला की ती खुंटी जमिनीच्या बाजूला येते, म्हणजे पडदे दाबणारा हात जिथून वरखाली सरकायचा नेमका तिथे. तारा कशाही बदला, खुंटी हलत नाही. डावखुऱ्याला पाच तारांचा बँजो हवा असेल तर आरशात दिसावी तशी उलट बाजूची दांडी मुळातूनच घडवावी लागते.

त्यामुळे डावखुऱ्याची बँजो-खरेदी वेगळ्या वाटेने जाते. उजव्या हाताचा वादक दुकानात जातो, भिंतीवरचे चार बँजो उतरवून वाजवून बघतो आणि कानाला पटेल तो घेऊन येतो. डावखुऱ्याला त्या भिंतीवर बहुधा काही नसतं. असलंच तर एखादं, आणि 'मिळतंय तेवढंच' म्हणून घेतलेलं वाद्य पुढे कुठे ना कुठे खटकत राहतं. त्याला आपला बँजो कारागिराला सांगून करून घ्यावा लागतो, तोही आधी न वाजवता. म्हणजे आपल्या हाताला काय सोसतं, कानाला काय हवं, हे त्याला आधी स्वतःला कळलं पाहिजे आणि मग दुसऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे. जिथे शक्य तिथे मिलिमीटरमध्ये. हे पुस्तक त्या सांगण्याच्या तयारीसाठी लिहिलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खुलासा लगेच करतो. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत जो बेंजो वाजतो, टाइपरायटरसारख्या कळांचा, तो जपानच्या नागोया शहरात 1912 साली तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज आहे. त्या बेंजोचा दरारा मला मान्य आहे, पण या पुस्तकातला बँजो तो नव्हे. हा अमेरिकेतला, लाकडी कड्यावर पूड ताणून केलेला, लांब दांडीचा, पाच तारांचा. त्यातही मागची बाजू उघडी असलेला. ब्लूग्रासमध्ये जो झणझणीत बँजो ऐकू येतो त्याच्या पाठीला लाकडी तबक, म्हणजे रेझोनेटर, लावलेलं असतं. ते सगळा आवाज पुढे फेकतं. बोटांत धातूच्या नख्या घालून तीन बोटांनी वाजवायची ती शैली. अर्ल स्क्रग्ज 1945 च्या डिसेंबरात बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि तिचं युग सुरू झालं. उघड्या पाठीचा बँजो वजनाला बराच हलका आणि आवाजाला गोलसर, थोडा खोल असतो. ओल्ड-टाइम संगीताला तोच लागतो.

ओल्ड-टाइम म्हणजे दक्षिण ॲपलेशियन डोंगराळ भागातलं, रेकॉर्ड आणि रेडिओच्या आधीपासूनचं फिडल-बँजोचं संगीत. त्यात पाळीपाळीने एकट्याने वाजवून दाखवण्याची पद्धत नाही. वर्तुळ करून बसायचं, फिडलवाल्याने एक चाल धरायची आणि सगळ्यांनी ती मिळून, फिरून फिरून, दहा-दहा मिनिटं वाजवत राहायची. ही मुळात नाचासाठीची वाजवणी, त्यामुळे ठेका सुटून चालत नाही. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावी 1935 पासून फिडलवाल्यांचा मेळा भरतो. नॉर्थ कॅरोलिनात माउंट एअरीला आणि वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉपला उन्हाळ्यात तंबू पडतात आणि रात्री उशिरापर्यंत एका तंबूतली चाल दुसऱ्या तंबूत मिसळत राहते. तिथे बँजो वाजतो तो बहुतेक क्लॉहॅमर पद्धतीने.

क्लॉहॅमरमध्ये तारा वर ओढत नाहीत, वरून खाली मारतात. पंजा सैल मिटलेला, बोटं आकड्यासारखी वाकलेली. तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ एका तारेवर पडते, तो चालीचा सूर. मग तेच बोट, किंवा दोन-तीन बोटं मिळून, तारांवरून खाली फिरतात. या प्रत्येक उतरत्या फटक्यात अंगठा आपोआप आखूड पाचव्या तारेवर येऊन टेकतो आणि हात वर उठताना ती तार सोडतो. एक लांब, दोन आखूड: बम-डिटी, बम-डिटी. पाचवी तार पडद्यावर जवळजवळ कधीच दाबली जात नाही. ती एकाच सुरात, उंच, चालीच्या मधूनमधून वाजत राहते. सतार ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. चिकारीचं काम तेच. 'जी' (G) सुरातल्या जुळणीत ही तार षड्ज धरते. 'डबल सी' जुळणीत तीच तार, त्याच सुरात, पंचम होते.

आता उजव्या हाताचा बँजो उलटा धरून हेच करून पाहा. अंगठ्याखाली पाचवी तार येतच नाही, पहिली येते. पाचवी पार खाली, जमिनीकडे. फटका आणि अंगठा यांची जी जोडगोळी या शैलीचा प्राण आहे, तीच मोडते.

तरीही उलटं वाजवून मोठं झालेलं एक नाव आहे आणि डावखुऱ्यांच्या पुस्तकात ते आलंच पाहिजे. एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलिनात चॅपल हिलजवळच्या कारबरो भागात तिचं लहानपण गेलं. भाऊ घराबाहेर असताना त्याचा बँजो उचलायचा, तारा न बदलता उलटा धरायचा आणि वाजवायचा. पुढे गिटारही तशीच. गिटारवर तिचा खर्ज बोटांतून आणि चाल अंगठ्यातून निघायची, बाकी सगळ्यांच्या बरोबर उलट, आणि त्या उलटेपणातून आलेली तिची लय आजही 'कॉटन पिकिंग' म्हणून शिकवली जाते. मधली अनेक वर्षं तिने वाद्याला हात लावला नव्हता. वॉशिंग्टनला सीगर कुटुंबात घरकाम करत असताना तिथल्या भिंतीवरची गिटार तिने उतरवली, आणि 1958 मध्ये त्याच घरातल्या माइक सीगरने केलेली तिची रेकॉर्ड फोकवेज कंपनीने काढली. 1984 मध्ये तिला अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली.

कॉटनचं उदाहरण लोक डावखुऱ्याला गप्प करायला वापरतात: तिला जमलं, मग तुम्हालाच वेगळं वाद्य कशाला हवं? मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो. तिच्यापुढे पर्याय नव्हता. हाताशी असलेल्या एकाच वाद्यातून तिने स्वतःची शैली घडवली, आणि ती शैली थोर आहे. पण ती क्लॉहॅमर नाही. ज्याला नॉर्थ कॅरोलिनातल्या राउंड पीक भागातल्या फिडलखाली चालणारा बँजो वाजवायचा आहे, त्याला अंगठ्याखाली पाचवी तार पाहिजे.

दुसरा सल्ला जास्त वेळा मिळतो आणि त्यात तथ्यही आहे: डावखुरे असलात तरी उजव्या हाताने शिका, सगळी दुनिया तुम्हाला खुली राहील. व्हायोलिनच्या बाबतीत ऑर्केस्ट्रात शेजाऱ्याच्या गजाला गज लागू नये म्हणून तरी हा सल्ला कळतो. ओल्ड-टाइमच्या वर्तुळात कोणाचा हात कोणत्या बाजूला आहे याने काही बिघडत नाही. उलट डावखुरा शिष्य गुरूसमोर बसला की त्याला आरशातल्यासारखा हात दिसतो. उजव्या शिष्याला मनातल्या मनात जी उलटापालट करावी लागते ती त्याला करावी लागत नाही. छापील टॅबमध्ये, म्हणजे पडद्यांचे आकडे लिहिलेल्या स्वरलिपीत, ओळी तारांच्या असतात, हाताच्या नसतात, त्यामुळे तीही जशीच्या तशी चालते.

माझं मत असं की निर्णय एकाच गोष्टीवर घ्यावा: ठेका कोणत्या हातात आहे. लिहिण्याचा हात हा पुरावा नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने खेळतो. प्रत्येक कामाचा हात निराळा असू शकतो. आपल्या घरांत तर डाव्या हाताने जेवू नकोस, प्रसाद घेऊ नकोस, असं सांगत मुलांचे हात बदलवले गेले, त्यामुळे लिहिण्याजेवण्यावरून काही ठरवणं आणखीच अवघड. टेबलाशी बसून त्यावर बम-डिटी वाजवून बघा, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. हळू नव्हे, नाचाच्या वेगात, आणि मध्येच कोणाशी तरी बोला. बोलताना ज्या हाताचा ठेका मोडत नाही तो फटक्याचा हात. पडदे दाबण्याचं काम दोन्ही हात शिकतात. ठेका ज्या हातात नाही त्याच्यात तो आणायला फार आयुष्य खर्च होतं. हां, कोणी आधीच वर्षानुवर्षं उजवीकडून वाजवत असेल आणि त्याला सुख असेल, तर त्याने हे पुस्तक मिटून वाजवत राहावं.

आपल्या हातासाठी बँजो करून घेणं ही नवी गोष्ट नाही. बँजो हा मुळात हाताने केलेला, ज्याला वाजवायचा त्याने स्वतःसाठी केलेला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत भोपळ्याला कातडं ताणून, काठीची दांडी बसवून तो बनवला. हॅन्स स्लोन याने 1680 च्या दशकात जमेकात पाहिलेल्या अशा वाद्यांचं चित्र त्याच्या 1707 च्या ग्रंथात आहे. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही वाजतं: भोपळा, कातडं, तीन तारा आणि त्यांतली एक आखूड, अंगठ्याची. वाजवण्याची रीतही नखाने खाली मारण्याची. क्लॉहॅमर कुठून आली हे त्या हाताकडे पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

नंतर व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीसारखे गोरे लोक तोंडाला काळं फासून तो रंगमंचावर घेऊन गेले. काळ्या माणसांची टर उडवणाऱ्या त्या खेळांमुळे बँजो देशभर पसरला आणि त्याच खेळांमुळे पुढे अनेक काळ्या कुटुंबांनी त्याकडे पाठ फिरवली. या वाद्याचा इतिहास सांगताना ही गोष्ट झाकू नये. 1840 च्या दशकात बाल्टिमोरच्या विल्यम बाउचरकडे, तो ढोलही करायचा, बँजो दुकानी माल झाला. शतक संपेपर्यंत फिलाडेल्फियात एस. एस. स्टुअर्ट आणि बॉस्टनमध्ये फेअरबँक्स यांचे कारखाने चालत होते. कारखान्याने बँजोला नेमके पडदे, चांगल्या खुंट्या, कड्यावर बसवायची धातूची टोन रिंग दिली. त्याबरोबर एक ठरलेला हातही दिला, उजवा.

डोंगरात मात्र घरी बँजो करणारे राहिले. नॉर्थ कॅरोलिनातला फ्रँक प्रॉफिट शेती करायचा, गायचा आणि लाकडी तोंडाचे, मध्ये कातड्याची लहानशी खिडकी असलेले, बिनपडद्यांचे बँजो बनवायचा. राउंड पीक भागातल्या काइल क्रीडने सुतारकाम केलं आणि बँजोही केले. गुळगुळीत पट्टीसाठी त्याने चक्क स्वयंपाकघरातल्या ओट्यांना लावतात ते फॉर्मायका वापरलं. सरोदची पोलादी पट्टी ज्याला ठाऊक आहे त्याला बिनपडद्यांच्या बँजोला गुळगुळीत पट्टी का हवी ते लगेच कळेल. 1960 आणि 70 च्या दशकांत शहरातली तरुण मुलं या डोंगरातल्या वादकांकडे शिकायला गेली आणि त्यांच्यातूनच आजच्या हस्तकारागिरांची पिढी उभी राहिली. मिशिगनमध्ये, टेक्सासमध्ये, नॉर्थ कॅरोलिनाच्या ॲशव्हिलजवळ आज एकेका माणसाचे किंवा चार-सहा माणसांचे कारखाने आहेत. डावखुऱ्याला थेट करणाऱ्याशी बोलता येतं ते त्यांच्यामुळे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बँजोचे दोन भाग धरा: पॉट आणि दांडी. पॉट म्हणजे लाकडी कडं, त्यावरची टोन रिंग, पूड, ती ताणणारे हूक आणि नट. पॉट गोल असतो, त्याला डावं-उजवं नाही. डावी असते ती फक्त दांडी. ही साधी गोष्ट एकदा मनात बसली की अर्धी चिंता मिटते, कारण बँजोचा आवाज मुख्यतः पॉटमधून येतो, आणि पॉटचा आवाज डावखुऱ्याला उजव्या हाताच्या कोणत्याही बँजोवर पारखता येतो. मित्राला वाजवायला सांगा आणि समोर, आठ-दहा फुटांवर बसा. खरं तर वादकाच्या जागेवरून जे ऐकू येतं त्यापेक्षा हे ऐकणं जास्त खरं, कारण पूड तोंड करून समोर बोलतं.

काय ऐकायचं? कडं 11 इंचांचं की 12, हा पहिला फरक. मोठ्या पुडाचा आवाज खोल आणि पसरट, लहानाचा नेमका आणि टोकदार. मग टोन रिंग. नुसत्या लाकडाच्या धारेवर ताणलेलं पूड ठक्क असा, लवकर मिटणारा सूर देतं. पितळेची गोल कांब घातली की त्यात थोडी चमक येते. फेअरबँक्सची 1901 ची 'व्हाइट लेडी' रिंग आणि फेअरबँक्स विकत घेतलेल्या व्हेगा कंपनीची 1909 ची 'ट्यूबाफोन' यांनी जो झळाळता, लांब रेंगाळणारा आवाज दिला, त्याच्या प्रतिकृती आजही सर्रास बनतात. मला स्वतःला नाचाच्या चालींसाठी लाकडी धार किंवा साधी कांबच आवडते. लांब रेंगाळणारा सूर पुढच्या सुरावर पाय ठेवतो आणि ठेका धूसर होतो. पण एकटं बसून हळू वाजवणाऱ्याला ट्यूबाफोनचं रेंगाळणंच हवंसं वाटेल, आणि त्याचंही बरोबर आहे.

कड्याच्या लाकडावर लोक फार बोलतात. मेपल लखलखीत, अक्रोड उबदार, चेरी दोन्हींच्या मधलं, हे ढोबळ मानाने खरं आहे. पण पूड किती ताणलंय, घोडी किती जड आहे आणि तारा पोलादाच्या की नायलगट या कृत्रिम धाग्याच्या, यांनी आवाज याहून जास्त बदलतो, आणि ते सगळं नंतर घरी बदलता येतं. लाकूड डोळ्यांना आवडेल ते घ्यावं.

जे नंतर बदलता येत नाही ते दांडीत असतं. म्हणून पैसा, वेळ आणि चौकशी तिथे खर्च करावी.

इथे डावखुऱ्याच्या उपयोगाची एक युक्ती आहे. पहिल्या चार पडद्यांपर्यंत दांडीवर चारच तारा असतात, पाचवी अजून सुरू झालेली नसते. म्हणजे तेवढा भाग दोन्ही बाजूंनी सारखा असतो. कोणाचाही उजवा बँजो उलटा धरा आणि उजव्या हाताने तेवढाच भाग पकडा. अंगठा मागे कुठे येतो, तळव्याला गोलाई लागते की कोन, पहिली तार दाबताना ती काठावरून घसरते का, हे सगळं न वाजवताही कळतं. मग पट्टी काढून मोजा. खाचांच्या पट्टीपाशी बहुतेक बँजो सव्वा इंच, साधारण 32 मिलिमीटर रुंद असतात. मोठ्या बोटांच्या माणसाला 35 मिलिमीटर फार सुखाचे जातात. तीन मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत; बोटाखाली ते सगळं काही असतात. जाडीही पहिल्या आणि सातव्या पडद्यापाशी मोजून लिहून ठेवा. कारागिराला 'थोडी बारीक' सांगितलं तर तो त्याच्या हाताची बारीक करील.

तारेची लांबी सहसा 26 इंचांच्या आसपास असते. हात लहान असेल, किंवा बहुतेक वेळ फिडलबरोबर ए आणि डी सुरांतच वाजवायचं असेल, तर 24 इंचांच्या जवळची आखूड दांडीही करतात. फटक्याच्या हाताचा विचार केला तर घोडीवरचं तारांमधलं अंतर ऐसपैस असावं; नख शेजारच्या तारेला न लागता पडलं पाहिजे.

मग स्कूप. राउंड पीकचे वादक पुडावर न मारता दांडी जिथे पॉटला मिळते त्याच्या वर मारतात. तिथे तार सैल लागते, आवाज मऊ आणि फुगीर येतो. पण खाली लाकूड आणि पडदे असल्याने नख त्यांवर आपटतं. म्हणून सतराव्या पडद्यापासून पुढे पट्टी खोल तासतात. मेळ्यांमध्ये आज जे हाताने केलेले बँजो दिसतात त्यांतल्या कित्येकांना हा स्कूप असतो. त्या वरच्या पडद्यांची ओल्ड-टाइममध्ये सहसा गरज पडत नाही. मी स्कूप घ्या असंच सांगेन.

डावी दांडी सांगताना आणखी काही बारीक गोष्टी तोंडाने, आणि नंतर लेखी, वदवून घ्याव्यात. दांडीच्या कडेवरचे ठिपके वादकाला दिसतील अशा वरच्या कडेला हवेत. उजव्या साच्यावरून काम करताना ते चुकून जमिनीकडच्या कडेला बसतात. खाचांच्या पट्टीतल्या खाचा जाड-बारीक तारांप्रमाणे उलट्या क्रमाने हव्यात. पाचव्या तारेसाठी सातव्या आणि नवव्या पडद्यापाशी ज्या बारीक मेखा ठोकतात त्याही योग्य बाजूला. या मेखा म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे खिळे. कापो, म्हणजे तारा दाबून ठेवणारा चिमटा, पाचव्या तारेपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तार त्यांच्याखाली अडकवून सूर चढवतात. घोडी तिरप्या खाचांची, सूर भरून काढणारी असेल तर तीही आरशातली. दांडीच्या डोक्याची नक्षी एका बाजूला झुकलेली असेल तर ती कोणत्या बाजूला झुकावी, हेसुद्धा. लाकडाला करवत लागण्याआधी कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन मागावं. चांगला कारागीर हा आग्रह मनावर घेत नाही. त्याचाही वेळ वाचतो.

पैशांचं थोडक्यात सांगतो. हाताने केलेला चांगला बँजो दीड-दोन हजार डॉलरच्या पुढेच जातो. डाव्या दांडीसाठी काही कारागीर जास्त आकारतात, काही नाही; विचारायला संकोच नको. पुन्हा विकताना डावखुऱ्या वाद्याला गिऱ्हाईक कमी, हे धरून चालावं. एवढा खर्च करण्याआधी आपल्याला खरंच हे वाजवायचंय का हे बघायचं असेल तर कॅलिफोर्नियाच्या डीअरिंग कंपनीचा 'गुडटाइम' डाव्या हातासाठीही मिळतो, आणि सुरुवातीला तो पुरेसा आहे.

दोन्हींच्या मधली एक वाट मला फार आवडते. 1920 च्या दशकात जॅझच्या लाटेत चार तारांचे टेनर बँजो ढिगाने बनले. लाट ओसरली, पॉट राहिले, आणि त्यांत काही अप्रतिम आहेत. असा जुना पॉट घेऊन त्याला पाच तारांची नवी दांडी बसवून घेण्याची रीत ओल्ड-टाइमवाल्यांत जुनी आहे. पॉटला हात नसतो, म्हणून इथे डावखुरा आणि उजवा अगदी बरोबरीत येतात. शंभर वर्षं मुरलेलं कडं आणि आपल्या हाताच्या मापाची दांडी, असा बँजो डावखुऱ्याला नव्या कोऱ्याच्या आसपासच्या किमतीत मिळू शकतो. फक्त दांडी बसवण्याआधी कडं अजून गोल आहे का, तडकलंय का, हे कारागिराने पाहिलेलं असावं.

जे वाचक बँजो मुंबईला, पुण्याला किंवा कोकणात नेणार आहेत त्यांनी हवेचा विचार आधीच करावा. खरं कातडी पूड पावसाळ्यात सैल पडतं आणि आवाज ढब्ब होतो. तबल्याचं आणि पखवाजाचं जे होतं तेच. कातड्यासारखं दिसणारं आणि वाजणारं कृत्रिम पूड घ्यावं. दांडीत ट्रस रॉड किंवा कार्बनच्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे दमट-कोरड्या हवेत ती वाकणार नाही. ब्राझीलच्या शिसवीचा कुठलाही तुकडा असलेलं जुनं वाद्य देशाबाहेर नेण्याच्या फंदात परवान्याशिवाय पडू नये. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आहे.

पुस्तकाच्या पहिल्या तीन प्रकरणांत हात, दांडी आणि पॉट यांची मापं कशी घ्यायची ते आकृत्यांसह दिलं आहे. सगळ्या आकृत्या डाव्या हाताच्या आहेत. चौथ्यात कारागिराला पाठवायचं पत्र आणि त्यातले प्रश्न आहेत. पाचवं प्रकरण बँजो घरी आल्यानंतरचं: पूड किती ताणायचं, घोडी कुठे उभी करायची, पॉटमधून जाणाऱ्या मागच्या दांड्याआड फडकं खोचून जादा गुंजन कसं मारायचं, बाराव्या पडद्यावर तार साधारण 3 मिलिमीटर उंच का ठेवायची. टेनर आणि ब्लूग्रास बँजोचा विचार या पुस्तकात केलेला नाही. ज्यांची ऑर्डर आधीच दिलेली आहे त्यांनी सरळ पाचव्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही, पण दांडीला अजून करवत लागली नसेल तर त्याआधी दुसऱ्यातलं ठिपक्यांचं आणि खाचांचं पान तेवढं बघून घ्यावं.